गच्चीवरचे ऊन आणि अनुदानाचा हिशेब

सोसायटीच्या वार्षिक सभेत सौर ऊर्जेचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, "अनुदान बंगलेवाल्यांना असते, फ्लॅटवाल्यांना काही नाही." फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेबाबत हे साफ चुकीचे आहे. गृहनिर्माण संस्थांसाठी तिच्यात वेगळी तरतूद आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचे चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी गच्चीवर यंत्रणा बसवली, तर दर किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात. मर्यादा घरटी 3 किलोवॅट आणि एकूण 500 किलोवॅट. सभासदांनी आपापल्या नावावर बसवलेली यंत्रणाही याच मर्यादेत मोजली जाते.

दुसरी समजूत नेमकी उलटी. एका घराला जास्तीत जास्त 78,000 रुपये मिळतात हे ऐकून काही जण 40 फ्लॅटांचा गुणाकार करून मोकळे होतात. तो आकडा वैयक्तिक घरासाठी आहे. संस्थेने 20 किलोवॅटची यंत्रणा बसवली तर अनुदान 3 लाख 60 हजार, आणि तेही काम पूर्ण होऊन नेट मीटर लागल्यावर खात्यात जमा होते. सुरुवातीचा पैसा संस्थेलाच उभा करावा लागतो. हे सभेत स्पष्ट सांगितले नाही, की अर्ध्या वाटेत वर्गणीवरून वाद होतात आणि चांगला प्रकल्प फाईलमध्येच राहतो. शिवाय पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतीय बनावटीचे हवेत. स्वस्तात मिळाले म्हणून आयात पॅनेल घेतले तर अनुदान नाही.

"सौर बसवले म्हणजे वीज गेली तरी लिफ्ट चालणार" ही आशा तर मूळ धरून बसलेली आहे. वीजजाळ्याला जोडलेली साधी यंत्रणा पुरवठा खंडित होताच आपणहून बंद पडते. ही तिची उणीव नव्हे. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या तारेत गच्चीवरून वीज जाऊ नये, म्हणून केलेली ती सोय आहे. अंधारातही लिफ्ट हवी असेल तर बॅटरी किंवा जनरेटर लागतोच, आणि त्याचा खर्च वेगळा धरावा लागतो.

पावसाळ्याची भीतीही अशीच. ढगाळ दिवसांत निर्मिती घटते, शून्य होत नाही. वर्षभराची सरासरी धरली तर महाराष्ट्रात एक किलोवॅटमागे रोज सुमारे 4 युनिट मिळतात. 20 किलोवॅटचे महिन्याला साधारण 2,400. उन्हाळ्यात जास्त झालेले युनिट नेट मीटरमुळे पुढच्या बिलांत वळते होतात, आणि हा हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी मिटवला जातो. मात्र दर किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते, हे दिवसभरात दोन-तीनदा गच्चीवर जाऊन पाहावे. कोकण किनाऱ्यावर पॅनेलच्या वजनाइतकाच वाऱ्याच्या उचलीचा विचार हवा.

अनुदान आहे म्हणून जमेल तेवढी मोठी यंत्रणा बसवावी, हा सल्लाही घातक. नेट मीटरिंगमध्ये यंत्रणेची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही. आधी जुने दिवे बदलून एलईडी लावावेत, पंपाची गळती थांबवावी, शक्य तिथे जास्त स्टारचा पंप घ्यावा. या कामांना सूर्यघरचे अनुदान नाही, पण सामाईक मीटरवरचे युनिट त्याने कमी होतात आणि लहान यंत्रणेत भागते.

हे सगळे शहरांपुरतेच आहे, असे मानणाऱ्यांनी सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी पाहावी. जेमतेम शंभर घरांच्या आसपासचे हे गाव 2024 मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. सूर्यघर योजनेत आदर्श सौरग्रामाचीही तरतूद आहे: स्पर्धेतून निवडलेल्या गावाला प्रत्येक जिल्ह्यात 1 कोटी रुपये. स्पर्धेसाठी लोकसंख्या 5,000 च्या वर लागते, त्यामुळे लहान वाड्यांना तो मार्ग खुला नाही. घरगुती अनुदान मात्र तिथल्या प्रत्येक कुटुंबाला आहे.

योजनेची मुदत आर्थिक वर्ष 2026-27 पर्यंत आहे. संस्थेच्या पातळीवर पहिले काम कागदांचे. सर्वसाधारण सभेचा ठराव, गच्ची सामाईक असल्याची नोंद आणि वीजबिलावरचे नाव तपासणे. अनेक इमारतींत सामाईक मीटर अजून बिल्डरच्याच नावावर असतो. अर्ज करण्याआधी तो संस्थेच्या नावावर करून घ्यावा. त्यानंतर योजनेत नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडून दर मागवावेत आणि पाच वर्षांची देखभाल करारात लेखी घ्यावी.