जुनी डिझेल गाडी घेताना : मीटर नव्हे, ऑइल पाहा

पवनीहून नागपूर सुमारे ८० किलोमीटर. भिवापूर, उमरेड करत एसटी जाते. पण मोठ्या डॉक्टरांची वेळ, मुलीची परीक्षा किंवा रात्री-अपरात्रीचे दुखणे एसटीचे वेळापत्रक पाहून येत नाही. म्हणून आमच्या गावात चार पैसे गाठीला जमले की पहिला विचार येतो तो जुन्या डिझेल गाडीचा. नवी गाडी आवाक्याबाहेर असते आणि जुनी डिझेल गाडी कमी खर्चात लांबचा पल्ला मारते, असा सगळ्यांचा अनुभव.

आम्हीही चार वर्षांपूर्वी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून अशीच एक गाडी घेतली. आम्ही भाषेचे शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. इंजिनाशी आमचा संबंध किल्ली फिरवण्यापुरता. त्या अज्ञानाची किंमत आम्ही मोजली. वाचकांपैकी कुणाला ती मोजावी लागू नये, म्हणून हा लेख.

एक इंजिन, अनेक गाड्या

आमच्या गाडीत १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन आहे. हे इंजिन मूळचे इटलीच्या फियाटचे. २००३ पासून ते पोलंडमधील कारखान्यात तयार होऊ लागले आणि २००५ मध्ये १ ते १.४ लिटर गटात जगातील सर्वोत्तम इंजिनाचा पुरस्कार त्याला मिळाला. आपल्याकडे मारुतीने २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये बसवले. पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा, टाटाची इंडिका व्हिस्टा आणि मांझा, फियाटची पुंटो आणि लिनिया अशा कितीतरी गाड्या याच इंजिनावर धावल्या. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटले, टाटाने क्वाड्राजेट. आतले यंत्र एकच. मारुतीसाठी ते हरियाणातील मानेसरला बनत असे आणि फियाट-टाटांच्या भागीदारीतून आपल्या पुणे जिल्ह्यातील रांजणगावला. इतक्या गाड्यांत ते बसले की लोक त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. याचा फायदा असा की सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि हे इंजिन उघडलेला मिस्त्री शोधावा लागत नाही.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि आपल्याकडच्या नव्या गाड्यांतून हे इंजिन गेले. आता बाजारात जे आहे ते सगळे जुने.

आत काय घडते

सायकलचा पंप जोराने मारला की त्याची नळी हाताला गरम लागते. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिन याच गुणावर चालते; त्यात पेट्रोलसारखी ठिणगी लागत नाही. या इंजिनात हवा सुमारे साडेसतरा पट दाबली जाते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडताच ते पेट घेते.

जुन्या इंजिनांत हा फवारा एका दमात उडे, त्यामुळे खडखडाट होई. मल्टिजेटमध्ये एकाच स्फोटासाठी डिझेल लहान लहान हिश्श्यांत, पाच वेळांपर्यंत सोडता येते. म्हणून ते शांत चालते आणि डिझेलही कमी पिते. हे साधावे म्हणून सर्व नळ्यांना जोडणाऱ्या एका समाईक नळीत डिझेल १,४०० ते १,६०० बार दाबाने भरलेले असते. गाडीच्या चाकात हवेचा दाब जेमतेम दोन बार असतो, यावरून कल्पना यावी.

चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, १२४८ सीसी. ७५ अश्वशक्ती ४,००० फेऱ्यांना आणि १९० न्यूटन मीटरची ओढ सुमारे २,००० फेऱ्यांना, असे त्याचे मोजमाप. काही गाड्यांत सुधारित टर्बोसह ते ९० अश्वशक्ती आणि २०० न्यूटन मीटर देते. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. फेरे वाढेपर्यंत हा पंखा जोर धरत नाही, म्हणून गल्लीत आणि गतिरोधकावर ही गाडी मरगळलेली वाटते. तो दोष समजू नये. खालचा गिअर टाकावा.

टिकाऊ, पण एका अटीवर

हे इंजिन टिकाऊ आहे का? आहे. नीट सांभाळलेल्या टॅक्सी दोन-दोन लाख किलोमीटर धावलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. मात्र अट एकच, ऑइल वेळेवर बदलले पाहिजे.

यात टायमिंगसाठी पट्टा नसून साखळी आहे. पट्टा ठराविक काळाने बदलावाच लागतो. साखळी इंजिनाच्या आयुष्यभर चालेल असे मानतात. पण ही साखळी बारीक आहे आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर काम करतो. ऑइल जुने होऊन काजळीने घट्ट झाले की टेन्शनर ढिला पडतो, साखळी झिजून लांबते आणि एक दिवस दात सोडते. मग पिस्टन वर येताना व्हॉल्व्हवर आदळतात.

टर्बोचेही तेच. त्याचा पंखा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि त्याच्या दांड्याला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. आणि हे सगळे ऑइल किती? तीन लिटरांच्या आसपास. एवढ्याशा ऑइलवर एवढा भार असल्याने ते लवकर खराब होते.

आमचा धडा

गाडी नागपूरच्या एका विक्रेत्याकडून घेतली तेव्हा मीटरवर ७२,००० किलोमीटर होते. आत-बाहेर चकचकीत. आम्ही मीटर पाहिले, सीट पाहिल्या, पैसे मोजले.

तिसऱ्या वर्षी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी सांगितले, “सर, सकाळी पहिल्यांदा चालू करता ना, तेव्हा दोन सेकंद खळखळ येते. चेन पाहून घेऊ, ऑइलही बदलायला झालं.” आम्ही हो म्हटले. मग सहामाही परीक्षा आली, पेपर तपासणे आले, दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे आले. दहा हजारांवर बदलायचे ऑइल चौदा हजारांवर गेले.

डिसेंबरातल्या एका पहाटे अम्मींना डोळ्यांच्या तपासणीसाठी नागपूरला न्यायचे होते. दोन महिन्यांनी मिळालेली वेळ. भिवापूर सोडल्यावर गाडीने एक झटका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू झालीच नाही. थंडीत अम्मींना शाल गुंडाळून रस्त्याकडेला बसवले. मिळेल त्या एसटीने नागपूर गाठले, पण तोवर वेळ टळली होती. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. अम्मी काही बोलल्या नाहीत. त्याचेच जास्त वाईट वाटले.

गाडी ओढून आणली. साखळीने दात सोडले होते. नशीब एवढेच, की व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर तुटले आणि खुद्द व्हॉल्व्ह वाचले. ऑइलच्या जागी डांबरासारखा चिखल होता. मिस्त्री म्हणाले, “गाडी तं सांगत होती सर, तुम्हीच ऐकलं नाही.” दुरुस्तीला आमचा दीड महिन्याचा पगार गेला.

चूक आमची होतीच. पण आणखी एक गोष्ट तेव्हा उघड झाली. मिस्त्रींच्या सांगण्यावरून आम्ही गाडीच्या नंबरावर अधिकृत वर्कशॉपमधील जुनी नोंद काढली. आमच्या खरेदीच्या दोन वर्षे आधीच तिथे १,१८,००० किलोमीटर लिहिलेले होते. आम्ही भरवसा ठेवला तो मागे फिरवलेल्या मीटरवर. ही नोंद पैसे देण्यापूर्वी मागितली असती तर एक फोन पुरला असता.

घेण्यापूर्वी हे करा

पहिले काम, सर्व्हिसची नोंद मागा. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला ऑइल बदलले, हे पाहा. नोंद नसेल तर साखळी आणि टेन्शनर बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करा.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. बॉनेटवर हात ठेवा; गरम लागले तर विक्रेत्याने आधीच चालू करून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी या. सुरू होतानाचे पहिले काही सेकंद कान देऊन ऐका. साखळीची खळखळ तेव्हाच येते.

धूर पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. टर्बो किंवा पिस्टनची झीज असू शकते. जोर दिल्यावर सतत दाट काळा धूर येत असेल तर इंजेक्टर किंवा काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह तपासून घ्या. इंजेक्टर अतिशय नाजूक असतात. डिझेल चांगल्या पंपावरच भरा आणि डिझेल फिल्टरमधील पाणी काढायला विसरू नका.

गाडी कुठून आली तेही विचारा. दिल्ली परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदीचा आदेश दिला, तेव्हापासून तिकडच्या कितीतरी गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. त्या वाईटच असतात असे नाही. पण कागदपत्रे, ना-हरकत प्रमाणपत्र आणि आपल्याकडची नोंदणी पूर्ण असल्याशिवाय व्यवहार करू नये. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. २०१२ची गाडी स्वस्त वाटली तरी हा हिशेब मांडून पाहा.

आणि स्वतःला विचारा, गाडी चालणार किती? रोज बाजार आणि शाळा एवढेच असेल तर डिझेल घेऊ नका. जवळच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, काजळी साठते. आठवड्याला नागपूर-भंडारा होत असेल, तरच हे इंजिन फायद्याचे.

आमची गाडी आज पुन्हा चालते आहे. आता डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही असते. तिच्यात ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात. ते लिहिण्याचे काम आमच्या नववीतल्या मुलीने घेतले आहे. साडेसात हजार झाले की ती जेवताना आठवण करून देते. त्या वेळी परीक्षा असो की पाहुणे, रविवारी गाडी मिस्त्रींकडे जाते. अम्मींच्या पुढच्या तारखेलाही याच गाडीने गेलो आणि वेळेच्या अर्धा तास आधी पोचलो.