बाराव्या हिश्श्याचे घर



ज्या हस्तव्यवसाय-शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या विषयाशी नाते सांगणारा विषय या वर्षी घ्यावा, अशी सूचना शाळेने केली. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने करवत आणि कानस यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गेली दोन वर्षे या शाळेच्या हस्तव्यवसायाच्या खोलीत आठवी-नववीच्या मुलामुलींनी जुन्या खानदेशी घराची जी लहान प्रतिकृती बांधली, तिच्यासाठी शब्द पुरविण्याचे काम माझ्याकडे होते. ते घर बाहेर व्हरांड्यात मांडले आहे. ते कसे बांधले, आणि मुळात का बांधावे लागले, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम आपल्या खेळाचे नाव पाहू. संस्कृत 'भक्त' म्हणजे शिजविलेले अन्न, भात. प्राकृतात त्याचे 'भत्त' झाले आणि मराठीत 'भात'. जुन्या मराठीत 'भातुके' म्हणजे मुलांना कौतुकाने दिलेला खाऊ. संतवाङ्मयाच्या वाचकांना तो शब्द परिचित आहे. 'भातुकली' त्याच घराण्यातली. खेळ मात्र शब्दाहून पुष्कळ जुना. वात्स्यायनाने मुलींच्या खेळांचा जो निर्देश केला आहे, त्यात फुले वेचणे व माळा गुंफणे यांच्याबरोबर 'गृहक' म्हणजे लहानसे घर करणे, 'दुहितृका' म्हणजे बाहुल्यांचा खेळ आणि भात शिजविण्याचा खेळ हे एकापाठोपाठ येतात. यांपैकी भाताचा खेळ आपल्याकडे टिकला, बाहुला-बाहुलीची लग्नेही टिकली. गृहक मात्र मागे पडले.

आपल्या भातुकलीत तांब्यापितळेची भांडी असत, दगडी जाते असे, सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी चरकावर उतरविलेली रंगीत लाकडी पोळपाट-लाटणी असत. परंतु भातुकलीला भिंती नसत. जिन्याखालचा कोपरा, पलंगाखालची जागा किंवा खडूची एक रेघ एवढेच घर. म्हणूनच आपण भातुकली 'बांधत' नाही, 'मांडतो'. संसारही मांडतो आणि रुखवतही मांडतो. या क्रियापदाकडे कोशकारांनी अधिक लक्ष द्यावयास हवे होते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

युरोपात नेमके उलट घडले. तेथे आरंभच घरापासून झाला. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५७-५८ साली असे एक घर करवून घेतले; ते १६७४ च्या आगीत नष्ट झाले. ॲम्स्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमन या बाईंनी सतराव्या शतकाच्या अखेरीस सजविलेले घर आजही तेथील राष्ट्रीय संग्रहालयात पाहावयास मिळते. त्यातील चिनी मातीची इवलीशी भांडी खुद्द चीनमधून मागविलेली होती. सर्वांत प्रसिद्ध ते इंग्लंडच्या मेरी राणीचे घर. १९२१ ते १९२४ या काळात ते बांधले गेले आणि त्याचे स्थापत्यकार होते नवी दिल्ली उभारणारे एडविन लुटेन्स. त्याच्या नळांना पाणी येते, दिवे लागतात, लिफ्ट चालते. ग्रंथालयातील बोटभर पुस्तकांत कॉनन डॉईलने स्वतः लिहून दिलेली एक गोष्ट आहे. ही सारी घरे श्रीमंतांची, आणि मुलांचे हात लागू नयेत अशीच ठेवलेली.

एक अवांतर. इब्सेनने १८७९ साली आपल्या नाटकाला 'बाहुलीचे घर' असे नाव दिले, तेव्हा तेथील प्रेक्षकांना ती वस्तू दिवाणखान्यातून ठाऊक होती. मराठीत ते नाटक आणताना अनंत काणेकरांनी 'घरकुल' हे नाव योजले. मला ती निवड अचूक वाटते. 'बाहुलीघर' म्हटल्यावर मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहिले नसते.

मग जी वस्तू आपल्या परंपरेत नाही, ती आपण कोसाडला बांधावयाचे कारण काय? भातुकलीला भिंतींची गरज नव्हती, कारण खेळणाऱ्या मुलीच्या सभोवती खरे घर उभे होते. लुटुपुटीच्या चुलीपासून दहा पावलांवर खरी चूल पेटलेली असे. आज भांडी विकत मिळतात, प्लास्टिकचा गॅस आणि मिक्सरही मिळतो. नाहीसे झाले आहे ते सभोवतीचे घर. कोसाड २००६ साली सुरत महानगरपालिकेत आले. शहराच्या निरनिराळ्या झोपडपट्ट्यांतून हलविलेल्या कुटुंबांची मोठी आवास वसाहत येथे वसली. येथील मराठी मुलांचे आजोबा-पणजोबा नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने कामाच्या शोधात आले आणि यंत्रमागावर राहिले. गावाकडील धाब्याचे घर यांतील बहुतेक मुलांनी पाहिलेले नाही. आणि ज्यांनी पाहिले, त्यांनी पडके पाहिले.

आता बांधणीविषयी. प्रमाण आम्ही जगभर रूढ असलेले घेतले : एका फुटास एक इंच, म्हणजे बारावा हिस्सा. ते आपल्याला विशेष सोयीचे पडले. कारण घराची मापे सांगणाऱ्या आज्या फूट-इंचांत बोलत नाहीत. चुलीची उंची विचारली की त्या वीत दाखवितात, ओट्याची रुंदी विचारली की हात पसरतात. हात म्हणजे अठरा इंच, त्याचा बारावा हिस्सा दीड इंच. वीत म्हणजे नऊ इंच, तिचा पाऊण इंच. मुलांनी हे फळ्यावर लिहून ठेवले, आणि पुढे कोणी आजी आल्या की पट्टीऐवजी त्यांचा हातच मोजला जाई.

लांबी बारा पटीने घटते, तेव्हा पृष्ठभाग एकशे चव्वेचाळीस पटीने आणि आकारमान सतराशे अठ्ठावीस पटीने घटते. हे गणिताच्या तासाला शिकविले जाते, पण येथे ते हाताला कळते. बारा लिटरची घागर सात मिलिलिटरची होते. खोकल्याच्या औषधाचे दीड चमचे. तीस किलोचे जाते सतरा ग्रॅमचे होते, आणि सतरा ग्रॅमचे जाते काहीही दळीत नाही, कारण दळण्याचे काम त्याचे वजन करीत असते. सुपात ज्वारीचे दाणे घातले तर ते लिंबाएवढे दिसतात. तेथे बारीक रवाच घालावा लागतो.

सर्वांत हट्टी वस्तू म्हणजे कापड. सत्तावीस फुटांचे नऊवारी लुगडे सत्तावीस इंचांचे करता येते, पण सुताची जाडी काही बारा पटीने घटत नाही. त्यामुळे निऱ्या पुठ्ठ्यासारख्या उभ्या राहतात. शेवटी धुऊन धुऊन विरलेल्या धोतराचा तुकडा घेऊन, त्याला पातळ खळ लावून, निऱ्या टाचण्यांनी दाबून वाळविल्या तेव्हा लुगडे दांडीवर नीट लोंबले. काठाला मात्र सुरतेचीच जर आहे, एकेक पदर सुटा करून लावलेली. या शहराने आम्हांला आणखीही पुष्कळ दिले. साड्यांच्या घड्यांत घालतात तो पुठ्ठा भिंतींच्या आत आहे. हिऱ्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या पालकांनी आपले जुने चिमटे आणि भिंगे दिली. त्यांच्यावाचून दाराची कडी कोयंड्यात बसविणे अशक्य होते. झोपाळ्याच्या कड्यांचे काम एका मुलीच्या वडिलांनी स्वतः करून दाखविले. सांखेड्याच्या लाखकामाच्या धर्तीवर एक पाळणाही करून पाहिला, परंतु खानदेशी शेतकऱ्याच्या घरात तो शोभेना; तो वेगळा ठेवला आहे.

शब्दांचे काम खरे सुरू झाले ते स्वयंपाकघरात. चूल करावयाची म्हणजे नुसते तीन उंचवटे करून भागत नाही. चुलीच्या बाजूला, तिच्याच आचेवर दुसरे भांडे ठेवण्यासाठी जी जागा असते तो वैल. मागे शिजलेले अन्न ठेवण्यासाठी जो उंचवटा तो भानोसा. मुलांनी पहिली चूल केली तीत वैल नव्हता. ती पाहून एक आजी म्हणाल्या, "मग हिची डाळ कुठे शिजते?" दुसरी चूल तयार झाली. धूर जावयास आणि उजेड यावयास धाब्यात ठेवलेले भोक म्हणजे साणे. हा शब्द वर्गातील एकाही मुलाला ठाऊक नव्हता, आणि शिक्षकांपैकीही दोघांनाच. पण धाबे बसविल्यावर आत काळोख झाला, तेव्हा साण्याची व्याख्या कोणाला सांगावी लागली नाही. उतरंडीचेही तसेच. मातीची मडकी लहान करणे अवघड, कारण माती वाळताना आक्रसते आणि पातळ काठ तडकतो. म्हणून आम्ही कागदाचा लगदा वापरला. एकावर एक सात मडकी रचताना मोठे खाली का, हे तर उघड आहे. पण तळाचे मडके किंचित जमिनीत रुतवावे लागते, हे रचल्यावरच कळले.

जात्याला खानदेशात घरोटा म्हणतात. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे तो शब्द पाठ्यपुस्तकापर्यंत पोहोचला आहे, पण मुले तो परीक्षेपुरता अर्थ लिहून विसरतात. येथे त्याचा खुंटा कोठे बसवावयाचा, मध्यभागी की कडेला, यावर अर्धा तास वाद झाला. खुंटा मध्यभागी बसवून फिरवून पाहा, म्हणजे कडेला का असतो ते लक्षात येईल. मी चाळीस वर्षे महाविद्यालयात शब्दार्थ सांगत आलो. एवढ्या थोड्या वेळात एवढे शब्द मुलांच्या तोंडी बसलेले मी पाहिले नव्हते. वस्तू विकत घेताना तिचे नाव ठाऊक असावे लागत नाही. ती करावयाची असेल तर तिच्या प्रत्येक अवयवाचे नाव लागते, कारण दुसऱ्याला "तो तुकडा दे" असे सांगताना तुकड्याला काहीतरी म्हणावेच लागते.

आता एका वादाच्या मुद्द्याकडे येतो. काही माजी विद्यार्थ्यांनी या घरासाठी कुलूपबंद काचपेटी देण्याची तयारी दर्शविली आहे. त्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे. इतक्या मेहनतीची वस्तू धुळीने आणि हातांनी खराब होईल ही भीतीही खोटी नाही. गेल्या वर्षभरात शिंके तीनदा तुटले, लोटे-वाट्या हरवल्या, पाटा फुटला. परंतु दर वेळी शिंके नव्याने ओवणाऱ्या मुलाला फास कसा घालावयाचा हे कोणाच्या तरी आजीकडून शिकून यावे लागले. काचपेटी आली की ते शिंके शंभर वर्षे टिकेल आणि शिंके ओवणारा मात्र पुन्हा कोणी राहणार नाही. माझे मत काचपेटीच्या विरुद्ध आहे आणि ते मी शाळेला लेखी कळविले आहे. देणगी द्यावयाचीच असेल तर चांगल्या सागाच्या पातळ पट्ट्या, फ्रेटच्या करवतीची पाती आणि दोन टेबलदिवे यांची निकड अधिक आहे.

घर पुरे झालेले नाही. मागील दारचा गोठा यंदा घ्यावयाचा आहे, आणि तेथे आमचे अडले आहे. गव्हाणीची उंची बैलांसाठी किती ठेवीत आणि गायीसाठी किती, तिचा काठ आतून उतरता असे की सरळ, याबद्दल आम्हांला तीन घरांतून तीन उत्तरे मिळाली आहेत. आपल्यापैकी कोणाच्या घरी गोठ्यात राबलेले वडीलधारे असतील, तर त्यांना शनिवारी शाळा सुटल्यावर हस्तव्यवसायाच्या खोलीत अवश्य घेऊन यावे. पट्टी आणण्याची आवश्यकता नाही; त्यांनी हाताने दाखविले तरी पुरेल.