धूर, विस्तव आणि उसाचे पान

हंगामात पहाटे वारणानगरच्या आसपासच्या शिवारातून जाताना दूरवर धूर दिसला, की आपण म्हणतो, "गुऱ्हाळ पेटलंय!" विस्तव तर कुणीच पाहिलेला नसतो. मग कळले कसे?

आपल्याकडच्या नैयायिकांनी याचे उत्तर पाच पायऱ्यांत मांडून ठेवले आहे. तिथे विस्तव आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे विस्तव, जसा स्वयंपाकघरात, हे उदाहरण. इथेही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून इथे विस्तव आहे, हे निगमन.

आता नियम उलटा करा. 'जिथे विस्तव तिथे धूर' म्हणता येईल? गुळव्याला विचारा. वाळकी चिपाडे धडधडून पेटली की धूर नावालाच. ओली पडली की लोट उठतात. नैयायिकही हेच सांगतात, की ओले जळण असेल तरच विस्तवाबरोबर धूर. या अटीला त्यांनी 'उपाधी' म्हटले.

ही उलटापालट आपण सगळेच करतो, बरं का! इंग्रज मानसशास्त्रज्ञ पीटर वॉसन यांनी १९६६ साली मांडलेले कोडे शिक्षकांनी वर्गात घालून पाहावे. चार पत्ते मांडा : अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम आकडा हवा. नियम पाळला आहे की नाही हे पाहायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेक जण 'अ' आणि '४' म्हणतात. खरे उत्तर 'अ' आणि '७'. '४' च्या मागे 'क' निघाला तरी नियम मोडत नाही; '७' च्या मागे 'अ' निघाला तर मोडतो.

विचारांचे नियम बीजगणितासारखे लिहिता येतात, हे जॉर्ज बूल यांनी १८५४ साली दाखवले. संगणक त्याच 'आणि', 'किंवा', 'नाही' यांवर चालतो. वारणा खोऱ्यातल्या सुमारे सत्तर गावांसाठी १९९८ साली संगणकांची योजना आली. उसाची नोंद, वजन, असल्या कामांत नियम ठरलेले. तिथे यंत्र चोख.

पण उसाचे पान पिवळे पडले तर? 'पाणी कमी पडले की पान पिवळे पडते. पान पिवळे आहे. म्हणून पाणी कमी.' तर्कशास्त्र म्हणेल, हे सिद्ध होत नाही. खरेच आहे. पाणी जास्त होऊन मुळे गुदमरली असतील, हुमणी लागली असेल, लोह कमी असेल. पाणथळ रानात आणखी पाणी सोडले, तर ऊस जाईलच, जमीनही क्षारपड व्हायची. मात्र 'सिद्ध होत नाही' एवढ्यावर शेतकऱ्याला थांबता येत नाही. डॉक्टरही तापावरून रोगाकडे असाच उलटा चालतो. तो अंदाज धरतो, नवे काही कळले की सोडतो. जुन्या तर्कात ही सोय नाही; एकदा निघालेला निष्कर्ष नव्या माहितीने मागे घेता येत नाही. 'अपवाद दिसत नाही तोवर असे धरा', अशा धर्तीचे नियम कॅनडातल्या रेमंड रायटर यांनी १९८० साली गणिती भाषेत बसवले. तरी अपवाद कोणते, ते आधी कुणीतरी सांगावे लागतात. आणि हुमणी आहे की नाही, हे बुंध्याशी खुरप्याने उकरूनच पाहावे लागते.