न दुखणारी दुखणी

मण्यार चावला तर फारसं दुखत नाही. सूज येत नाही, रक्त वाहत नाही, पुष्कळदा दातांची खूणही सापडत नाही. घोणस चावली की माणूस ओरडत उठतो. पाय सुजून टम्म होतो, घरात धावपळ उडते, कुणीतरी गाडी शोधायला पळतं. त्या वेदनेचा उपकार असा की ती दवाखान्यापर्यंत नेते. मण्यार मात्र रात्री उंदराच्या मागावर घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. माणसाला अर्धवट झोपेत मुंगी चावल्यासारखं वाटतं आणि तो कूस बदलतो. पहाटे पोटात कळ येते. घरचे रात्रीच्या जेवणाला दोष देतात. मग पापण्या जड होतात, एकाची दोन माणसं दिसू लागतात, थुंकी गिळवत नाही, आवाज घोगरा होतो. शेवटी छातीचे स्नायू थांबतात.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मज्जासंस्थेवर घाला घालणारी दुखणी कमी नाहीत. मण्यारचा दंश, महारोग, लाखोळीने येणारा लंगडेपणा आणि लकवा ही त्यांतली चार. वरवर पाहता त्यांचं एकमेकांशी काहीच नातं नाही. एक सापाचं, एक जंतूचं, एक ताटातलं आणि एक रक्तवाहिनीचं. पण चौघांची एक खोड सारखी आहे. सुरुवातीला ती दुखत नाहीत. आपल्याकडे आजार मोजायचं माप म्हणजे वेदना. ताप भरला, कळ आली, तरच दवाखाना. नाहीतर धानाची रोवणी आणि तेंदूपत्ता आधी. त्यामुळे या चारही दुखण्यांचे रोगी उशिरा पोहोचतात. वेदना हे मज्जासंस्थेचंच काम. तिच्यावरच घाला पडला तर ओरडणार कोण? या चार दुखण्यांचं मला कुतूहल वाटतं ते आणखी एका कारणाने. चौघांनीही मज्जासंस्थेतली वेगवेगळी जागा निवडली आहे.

मण्यारची जागा समजायची तर आधी चेतापेशीच्या टोकापर्यंत जायला हवं. ही पेशी फार विचित्र घडणीची. पायाचा अंगठा हलवणाऱ्या पेशीचं शरीर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असतं, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. पण तिचा एकच तंतू कमरेतून, मांडीतून, पोटरीतून खाली उतरत जवळजवळ एक मीटर लांब जातो. पेशीच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. निरोप निघतो तेव्हा तंतूच्या आवरणातली सूक्ष्म दारं उघडून सोडियमचे भारित कण आत घुसतात. क्षणभर दाब उलटा होतो, पोटॅशियमचे कण बाहेर पडून तो पूर्ववत करतात, आणि तोवर पुढची दारं उघडलेली असतात. एका जागी हा खेळ सुमारे एका मिलिसेकंदात आटोपतो. केंब्रिजच्या हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ मध्ये त्याचं गणित मांडलं, ते समुद्रातल्या स्क्विडच्या तंतूवर. हा तंतू इतका जाड की त्याच्या आत तार घालता येते. यात निरोप लहान-मोठा होत नाही. तो जातो किंवा जात नाही. तीव्रता कळते ती निरोप किती भराभर येतात त्यावरून.

ही वीज तंतूच्या टोकाशी येऊन थांबते. स्नायू समोरच असतो, पण मध्ये फट असते, मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी. ती ओलांडायला वीज उपयोगाची नाही, रसायन लागतं. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयांवर प्रयोग करून हे दाखवलं. गती मंदावलेल्या एका हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं, तर त्याचीही गती मंदावली. ते रसायन ॲसिटिलकोलीन. चेतातंतूच्या टोकात त्याच्या अगणित पिशव्या तयार असतात. वीज पोहोचली की त्या फुटतात, रसायन फट ओलांडून स्नायूवरच्या ग्राहकांना चिकटतं आणि स्नायू आखडतो. पापणी उघडणं, घोट गिळणं, श्वास घेणं हे सगळं याच फटीतून चालतं.

मण्यारचं विष नेमकं इथे बसतं. त्यातला एक घटक ग्राहकांना कुलूप लावतो. दुसरा, अधिक घातक घटक चेतातंतूच्या टोकात शिरून पिशव्यांचा साठाच संपवतो आणि टोक नासवतो. नागाच्या विषाचा मुख्य मारा ग्राहकांवर असतो, त्यामुळे नागदंशात निओस्टिग्मिनचं इंजेक्शन बरंच उपयोगी पडतं. मण्यारच्या दंशात त्याचा भरवसा नाही. प्रतिविष रक्तात फिरणारं विष बांधून ठेवतं, पण नासलेली टोकं दुरुस्त करत नाही. ती पुन्हा वाढेपर्यंत, म्हणजे काही दिवस, कधी त्याहून जास्त, कुणीतरी रोग्यासाठी श्वास घेत राहावं लागतं. व्हेंटिलेटरने किंवा तो येईपर्यंत हाताने फुगा दाबून. या काळात रोगी मेल्यासारखा दिसतो. बोलत नाही, बोट हलवत नाही, बाहुलीही प्रकाशाला दाद देईलच असं नाही. पण मेंदूला विषाने हात लावलेला नसतो. त्याला ऐकू येत असतं. खाटेभोवती ‘आता काही उरलं नाही’ असं बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

याच विषाने विज्ञानाचं एक मोठं कामही केलं. मण्यारच्या तैवानमधल्या भाऊबंदाच्या विषातून चांग आणि ली यांनी १९६३ मध्ये ग्राहकांना घट्ट चिकटणारा घटक वेगळा केला. पुढे त्याचाच गळ टाकून विद्युतमाशांच्या पेशींतून ॲसिटिलकोलीनचा ग्राहक बाहेर काढता आला. शरीरातला कुठलाही ग्राहक असा हाती लागण्याची ती सुरुवात होती.

गडचिरोलीत अडचण वेगळीच. साप चावायचा हंगाम पावसाळ्याचा, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. हेमलकशाला १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो चालवला; तेव्हा तर रस्ता म्हणावा असा रस्ताच नव्हता. मण्यारच्या रोग्याच्या हाती काही तास असतात. मंत्रतंत्रात ते गेले की प्रतिविष असूनही उपयोग नाही.

महारोगाच्या हाती मात्र वर्षं असतात. त्याचा जंतू आर्माउर हान्सेन यांनी नॉर्वेत १८७३ मध्ये पाहिला. त्याच वर्षी इटलीत कामिलो गोल्जी यांनी चांदीच्या क्षाराने चेतापेशी रंगवायची युक्ती जाहीर केली आणि अख्खी पेशी प्रथमच नजरेस पडली. रोगाचा जंतू आणि तो जिच्या तंतूला ग्रासतो ती पेशी, दोन्ही एकाच वर्षी माणसाला दिसल्या, हा योगायोग मला फार आवडतो.

हा जंतू अतिशय सावकाश वाढतो. दुप्पट व्हायला त्याला साधारण दोन आठवडे लागतात. संसर्गापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं, कधी वीस. काचेच्या नळीत तो आजवर कुणाला वाढवता आलेला नाही. त्याला थंडावा आवडतो, म्हणून शरीराचे गार भाग तो पकडतो: कातडी, नाक, कानाची पाळी, आणि कातडीलगत उघड्यावर आलेल्या नसा. कोपराच्या आतल्या बाजूला हाड आपटलं की झिणझिण्या येतात ती नस, गुडघ्याखाली बाहेरून वळणारी नस, घोट्यामागची नस. डॉक्टर रोग्याचा कोपर चाचपतात ते ही नस जाड झाली आहे का हे पाहायला.

नसेत शिरल्यावर तो राहतो श्वान पेशींत. चेतातंतूवर या पेशी एकापुढे एक बसलेल्या असतात. जाड तंतूंवर त्या मायेलिन नावाच्या चरबीचे वेढे घालतात आणि दोन पेशींच्या मध्ये बारीकशी जागा उघडी ठेवतात. वीज मग तंतूभर सरपटत नाही. वानर जसं जमिनीवर न उतरता एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावतं, तशी ती एका उघड्या जागेवरून दुसऱ्या उघड्या जागेवर जाते. जाड मायेलिनच्या तंतूत निरोपाचा वेग सेकंदाला शंभर मीटरपर्यंत पोहोचतो. मायेलिन नसलेल्या बारीक तंतूत तो सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर. ठेच लागली की आधी लखकन कळ येते आणि मग ठणका सुरू होतो, त्याचं कारण हेच: पहिली खबर पातळ मायेलिनच्या तंतूने आली, दुसरी बिनमायेलिनच्या.

महारोगात श्वान पेशी बिघडतात आणि त्यांना मारायला आलेली शरीराची स्वतःची फौज उरलंसुरलं नुकसान करते. बहुधा बारीक तंतू आधी जातात. म्हणून गार-गरम कळेनासं होतं, मग टोचलेलं कळत नाही. आशाताई घरोघर फिरून विचारतात तो फिकट किंवा लालसर, न खाजणारा, बधिर चट्टा म्हणजे याच तंतूंची पहिली नोंद. डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकाने हळूच स्पर्श करतात आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगतात. दुखत नाही, खाजत नाही, कामाला अडत नाही. दाखवायला जाणार कोण? पुढे हालचालीचे तंतूही गेले की करंगळी-अनामिका वाकते, पाऊल फरफटतं, डोळा मिटत नाही.

बोटं मात्र रोगाने झडत नाहीत. हे कळायलाही विसावं शतक निम्मं उलटावं लागलं. तमिळनाडूत वेल्लोरला शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी रोग्यांच्या प्रत्येक जखमेचा माग काढला. तवा उचलताना भाजलेलं, खिळ्यावर दिवसभर चाललेलं, कुदळीच्या दांड्याने सोललेलं. कारण प्रत्येक वेळी साधं आणि बाहेरचं. काहींची बोटं रात्री झोपेत उंदरांनी कुरतडली होती आणि त्यांना जाग आली नव्हती. त्या रोग्यांना ब्रँड यांनी मांजरं पाळायला दिली. वैद्यकाच्या इतिहासात याहून अचूक औषधयोजना मला माहीत नाही.

ब्रँड १९१४ चे, बाबा आमटेही १९१४ चे. महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची; वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन आनंदवन सुरू झालं. त्याआधी वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांचं काम १९३६ पासून चाललं होतं. कलकत्त्याला शिकत असताना बाबांनी स्वतःच्या शरीरात महारोगाचे जंतू टोचून घेतले, आणि त्यांना रोग झाला नाही. हा चमत्कार नव्हे; बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूला पुरून उरेल एवढी प्रतिकारशक्ती मुळातच असते. समाजाने ज्याला सर्वांत संसर्गजन्य मानलं, तो रोग प्रत्यक्षात पसरायला फार अवघड आहे.

आनंदवनात शेती पिकली, हातमाग चालले, ते स्पर्श गेलेल्या हातांनी. अशा हातांचं काम डोळ्यांनी करावं लागतं. दांडा किती घट्ट धरला हे तळवा सांगत नाही, फोड आला की नाही ते संध्याकाळी पाहावं लागतं. बधिर तळपायांसाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचार सुचवला आणि पुढे जंतू मारणं सहा ते बारा महिन्यांचं मोफत काम झालं. २००५ अखेर देशपातळीवर दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रोगी उरले, तेव्हा सरकारने निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. माझ्या मते त्या शब्दाने नुकसानच केलं, कारण लोकांना रोग संपला असं वाटलं. गडचिरोली, चंद्रपूरला नवे रोगी आजही सापडतात. नसेची ताकद जाऊन सहा महिने झाले नसतील तर प्रेडनिसोलोनने ती बऱ्याचदा परत येते. त्यानंतर आशा कमी.

लाखोळीचं थोडक्यात सांगतो. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात धान उभं असतानाच ओल्या बांधीत ही डाळ फेकून पेरतात. पाणी मिळालं नाही तरी ती येते, आणि तिथेच घात होतो: दुष्काळात बाकी सगळं जळतं, ही उरते. आठवड्यातून दोनदा वरण म्हणून खाल्ली तर काही होत नाही. दोन-तीन महिने जेवण म्हणजे लाखोळीच, असं झालं की एके दिवशी पाय ताठतात. माणूस चवड्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत चालू लागतो आणि जन्मभर तसाच चालतो. कर्नल स्लीमन यांनी सागरकडच्या गावांत १८३० च्या आसपास हे पाहून लिहून ठेवलं. १९६४ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी डाळीतलं ओडॅप हे अमिनो आम्ल वेगळं केलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चेतवायला ग्लुटामेट वापरतात. ओडॅप त्याचं सोंग घेतं आणि पेशीला इतकं चेतवत राहतं की ती मरते. मरतात त्या मुख्यतः मेंदूतून पायांना हुकूम पाठवणाऱ्या. स्पर्श, बुद्धी, आयुष्य सगळं शाबूत. १९६१ च्या विक्रीबंदीने पिकाचं बाजारातलं नाव गेलं, गरिबाच्या ताटातली डाळ गेली नाही. रतन, प्रतीक, महातिवडा हे कमी ओडॅपचे वाण हा त्यापेक्षा शहाणा मार्ग. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं तरी विष पुष्कळ कमी होतं.

उरला लकवा. गडचिरोलीत तापाने, हगवणीने माणसं मरतात अशी सगळ्यांची समजूत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावांतल्या मृत्यूंची नोंद ठेवली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात. साधारण दर सात मृत्यूंमागे एक. शहरी श्रीमंतांचा समजला जाणारा आजार धानाच्या बांधीत कामावर होता. मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला त्यांतल्या जवळपास १९ लाख मरतात. आणि गुठळीने होणाऱ्या या पडझडीत बहुधा काहीच दुखत नाही, कारण शरीरभराची वेदना जिथे कळते त्या मेंदूच्या गाभ्यात वेदनेचे ग्राहकच नाहीत. तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, जीभ अडखळते, आणि घरचे म्हणतात, झोपू द्या, सकाळी पाहू.

मण्यारने नासवलेली टोकं काही दिवसांत वाढतात. नस तुटली तर दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या चालीने तंतू पुढे सरकतो. मेंदूतली मेलेली पेशी परत येत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्तस्राव नाही ना हे पाहायला त्याआधी सीटी स्कॅन. भामरागडहून गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. त्यामुळे इथे लकव्याशी लढायची खरी जागा त्याच्या आधीच्या वर्षांत आहे, वाढलेल्या रक्तदाबापाशी. तोही दुखत नाही. उपकेंद्रात दंडाला पट्टा बांधला तरच कळतो.