उन्हाळ्यापुरता हिशेब

आर्क्टिकची जमीन हवेतला कार्बन शोषते की हवेत सोडते, या प्रश्नाचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा बदलले. १९७०च्या दशकात ती शोषते असे ठरले. १९९३ साली ती सोडू लागली आहे असे जाहीर झाले, २००० साली ती निदान उन्हाळ्यात पुन्हा शोषू लागल्याचे कळले आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेच्या वार्षिक आर्क्टिक अहवालाने, वणव्यांचा वाटा धरून, टुंड्रा कार्बनचा स्रोत बनल्याचे म्हटले. ज्यांचा हवामानबदलावर मुळातच विश्वास नाही त्यांना यात शास्त्रज्ञांची धरसोड दिसते. पण ही उत्तरे ओळीने लावून प्रत्येक वेळी नेमके काय, केव्हा आणि किती खोलवर मोजले होते हे तपासले, तर त्यांच्यातला विरोध बराचसा विरघळतो. सुरुवातीचा हिशेब उन्हाळ्यापुरता, जमिनीच्या वरच्या थरापुरता आणि एका वायूपुरता होता. तो वर्षभराचा, खोलवरचा आणि तीन वायूंचा होत गेला तशा जमेच्या बाजूला काही नोंदी सापडल्या, पण खर्चाच्या बाजूला त्याहून मोठ्या सापडल्या.

मुळात या मातीत एवढा कार्बन आला कुठून? टुंड्रात झाडोरा खुरटा, वाढीचे दिवस जेमतेम तीन महिने. तरीही मातीतली शिल्लक प्रचंड आहे, कारण तिथे कुजण्याचा वेग वाढीच्या वेगाहूनही मंद राहिला. सलग दोन वर्षे तरी शून्य अंशाखाली राहणाऱ्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात फक्त तिच्यावरचा थर वितळतो, मुळे आणि जिवाणू त्यातच जगतात, आणि खाली गेलेला पालापाचोळा हजारो वर्षे तसाच गोठून राहतो. २००९ साली चार्ल्स तारनोकाई आणि सहकाऱ्यांनी ही शिल्लक सुमारे १,६७२ अब्ज टन कार्बन एवढी मांडली. नंतरच्या अंदाजांत आकडा काहीसा खाली आला, तरी आजच्या वातावरणात जेवढा कार्बन आहे त्याच्या सुमारे दीडपट तो आहेच. या शिल्लकेचा एक वेगळाही उपयोग पुढे होणार आहे: उपकरणे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासूनची नोंद तिच्यात आहे.

पहिली शिस्तशीर मोजणी १९७०च्या दशकाच्या आरंभी झाली. आंतरराष्ट्रीय जैविक कार्यक्रमाखाली अलास्काच्या उत्तर टोकाला बॅरो येथे, म्हणजे आजच्या उत्कियाग्विकजवळ, ओल्या टुंड्रावर वायूंची देवाणघेवाण मोजली गेली आणि ती जमीन कार्बन साठवते असा निष्कर्ष निघाला. त्या मोजणीत खोट नव्हती. ती उन्हाळ्याची होती, आणि हिवाळ्यात गोठलेल्या मातीत काही घडत नाही हे तेव्हा गृहीत धरण्याजोगे वाटत होते. वॉल्टर ओशेल आणि त्यांच्या गटाने १९८०च्या दशकातल्या नोंदींवरून १९९३ साली दाखवले की उत्तर अलास्काचा टुंड्रा आता कार्बन सोडतो आहे. माती तापून कोरडी पडल्यामुळे कुजणे वाढले होते. याच गटाने २००० साली सांगितले की वनस्पतींनी बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेतले आहे आणि उन्हाळ्यातले शोषण परत आले आहे. मात्र त्याच लेखात आणखी एक गोष्ट होती: पूर्ण वर्ष धरले तर ती जमीन अजूनही कार्बन गमावतच होती. प्रश्न उन्हाळ्याकडून हिवाळ्याकडे वळला तो इथून.

हिवाळ्याने काय दाखवले? शरद ऋतूत माती वरून आणि खालून एकाच वेळी गोठू लागते, पण मधला ओला थर शून्य अंशाच्या आसपास कित्येक आठवडे अडून राहतो, कारण पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते. वर बर्फाची दुलई आणि आत जिवाणूंचे काम चालू. ईशान्य ग्रीनलंडमधील झॅकेनबर्ग येथे मिखाईल मास्तेपानोव आणि सहकाऱ्यांनी मोजणी नेहमीसारखी उन्हाळ्याअखेर न थांबवता पुढे चालू ठेवली. माती गोठताना मिथेनचा असा लोंढा बाहेर पडला की त्याची बेरीज अख्ख्या उन्हाळ्यातल्या मिथेनइतकी भरली. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. २०१६ साली डोनाटेला झोना यांच्या गटाने अलास्कातील पाच ठिकाणांच्या वर्षभराच्या नोंदींवरून सांगितले की टुंड्राच्या वार्षिक मिथेनपैकी निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा थंडीच्या महिन्यांचा असतो. २०१९ साली सुझन नटाली आणि सहकाऱ्यांनी शंभरहून अधिक ठिकाणांची हिवाळी आकडेवारी एकत्र केली. पर्माफ्रॉस्टच्या प्रदेशातून ऑक्टोबर ते एप्रिल या काळात कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने दरवर्षी सुमारे १.६६ अब्ज टन कार्बन निघतो आणि वाढीच्या हंगामातले शोषण जेमतेम एक अब्ज टनांच्या घरात आहे, असा त्यांचा अंदाज. दोन्ही आकडे एकाच रीतीने काढलेले नसल्याने त्यांची वजाबाकी तंतोतंत मानू नये. पण हिवाळा शून्य धरण्याची सोय त्यांनी कायमची संपवली.

इथे एक रास्त आक्षेप येतो. हिवाळ्यातले हे उत्सर्जन पूर्वीही होतच असेल, आपण ते आज मोजू लागलो एवढेच. मग याला बदल कसे म्हणायचे? याचे पहिले उत्तर त्या शिल्लकेतच आहे. आजच्याएवढी तूट दरवर्षी येत असती तर हजारो वर्षांत हा साठा जमलाच नसता. दीर्घकाळाच्या सरासरीत ही जमीन साठवणारीच होती, याला साठ्याहून वेगळा पुरावा नको. दुसरे उत्तर बॅरोच्या हवेतून मिळते. तिथे १९७५ पासून कार्बन डायऑक्साइडची अखंड नोंद आहे आणि ती वापरून २०१७ साली रोझिन कोमेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हिवाळ्याच्या सुरुवातीला जमिनीतून येणारा हा वायू या काळात सुमारे ७३ टक्क्यांनी वाढला. तिसरे उत्तर निघणाऱ्या कार्बनच्या वयात आहे. केटी वॉल्टर आणि सर्गेई झिमोव यांनी, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उत्तर सैबेरियातल्या वितळणाऱ्या जमिनीवरच्या तळ्यांमधून बुडबुड्यांनी येणारा मिथेन तपासला, तेव्हा त्यातला कार्बन ३५ हजार वर्षांहूनही जुना निघाला. गेल्या उन्हाळ्यात शोषलेले हिवाळ्यात परत गेले तर खाते बरोबरीत राहते. इतका जुना कार्बन बाहेर येतो तेव्हा मुद्दलाला हात लागलेला असतो.

याहून वजनदार आक्षेप हिरवळीचा आहे. आर्क्टिकमध्ये झुडपे वाढताहेत, वाढीचा हंगाम लांबतो आहे. मग वनस्पतीच ही तूट भरून काढणार नाहीत का? या प्रश्नावर पुरावा दोन्हीकडे आहे. अलास्कातील टूलिक तळ्याजवळच्या वीस वर्षांच्या प्रयोगात टुंड्राला खत घातले, तेव्हा झाडोरा भरभरून वाढला, तरी मिशेल मॅक यांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत खोल मातीतून इतका कार्बन गेला होता की एकूण खात्यात दर चौरस मीटरला जवळपास दोन किलोची तूट आली. उलट त्याच टूलिकमध्ये हरितगृहे उभारून वीस वर्षे जमीन तापवण्याच्या प्रयोगात झुडपे वाढली आणि मातीतला एकूण साठा फारसा हलला नाही, असे २०१३ साली दिसले. या दोहोंना जोडणारा दुवा मध्य अलास्कातल्या हीली गावाजवळ मिळतो. टेड शूर यांच्या गटाने तिथे वेगवेगळ्या काळापासून वितळत असलेल्या जागांची तुलना केली. सुमारे पंधरा वर्षे वितळलेल्या जागी वनस्पतींची वाढ कुजण्यावर मात करत होती. कित्येक दशके वितळलेल्या जागी जुन्या कार्बनने तिला मागे टाकले होते. म्हणजे हिरवळ खोटी नाही, ती आधी येते इतकेच. वनस्पतींना वाढायला जागा आणि नायट्रोजनची मर्यादा आहे. खालच्या थरांत कुजायला उरलेल्या मालाला तशी मर्यादा नाही. २०२५ साली सुमारे २०० ठिकाणांच्या तीन दशकांच्या नोंदींवरून आर्क्टिक व उत्तरी वनांच्या प्रदेशाचा जो नकाशा तयार झाला, त्यात ३० टक्क्यांहून अधिक भाग स्रोत ठरला आणि वणवे धरले तर सुमारे ४० टक्के. उरलेला भाग, विशेषतः सूचिपर्णी जंगले, अजून शोषतो आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. वणवे वाढताना हे शोषण किती टिकेल, हा खरा प्रश्न आहे.

हिशेब वाढवताना जमेच्या बाजूची भर लपवणेही योग्य नाही. मिथेन पाणथळ मातीत तयार होतो. कोरड्या खनिज मातीतले काही जिवाणू हवेतला मिथेन उलट खातात. कॅनडाच्या उत्तरेकडील अ‍ॅक्सेल हायबर्ग बेटावर आणि ईशान्य ग्रीनलंडच्या कोरड्या टुंड्रावर हे मोजून २०१५ साली प्रसिद्ध झाले. आर्क्टिकची पुष्कळशी जमीन कोरडी असल्याने मिथेनचे जुने अंदाज काही प्रमाणात खाली आणावे लागतात. दुसऱ्या बाजूला, रशियाच्या युरोपीय टुंड्रात उघड्या पडलेल्या पीटमधून नायट्रस ऑक्साइड शेतजमिनीशी तुलना करावी इतका निघतो, हे २००९ साली कळले. तोवर नायट्रोजनची वानवा असलेल्या टुंड्रात हा हरितगृह वायू नगण्य समजत. अंटार्क्टिकाची बर्फमुक्त माती मात्र या खात्यात जवळजवळ नाही, कारण तिथे साठाच नाही. वनस्पतींविना तिथले काही जिवाणू हवेतला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यावर जगतात, असे २०१७ साली आढळले. जीवशास्त्राच्या दृष्टीने हा शोध मोठा आहे, पण जगाच्या कार्बन-हिशेबात त्याने फरक पडत नाही.

मग ‘मिथेनचा बॉम्ब’ या शब्दाचे काय? गेल्या पंधरा वर्षांत तो बातम्यांत पुष्कळदा फुटला, प्रत्यक्षात फुटला नाही, आणि त्यावरून सगळीच काळजी अवाजवी होती असे म्हणणे सोपे झाले. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या २०२१ च्या अहवालातला अंदाज बॉम्बला आणि बेफिकिरीला सारखाच छेद देतो: तापमानवाढीच्या प्रत्येक अंशामागे या शतकाअखेर पर्माफ्रॉस्टमधून सुमारे १८ अब्ज टन कार्बन, कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ४१. जगाच्या आजच्या जीवाश्म इंधनांच्या उत्सर्जनाच्या मापाने ते पावणेदोन वर्षांएवढे भरते. स्फोट नव्हे, पण माणसाने अजून किती कार्बन जाळावा याची जी मर्यादा ठरवली आहे तिच्यातून हे आधीच वजा होते. शिवाय बहुतेक मॉडेलांत जमीन हळूहळू वरून वितळते असे धरले आहे. बर्फाने भरलेली जमीन खचून तळी आणि दरडी तयार होतात, तो भाग त्यांत नाही. अशी जमीन पर्माफ्रॉस्टच्या एक पंचमांशाहून कमी असली तरी तिचा परिणाम साठ्याच्या निम्म्या भागापर्यंत पोहोचू शकतो, असे २०२० साली मेरिट ट्युरेट्स्की यांच्या गटाने दाखवले.

हा सारा मागोवा एका व्यावहारिक निष्कर्षाकडे नेतो. प्रत्येक वेळी चूक झाली ती जिथे आणि जेव्हा मोजले नाही तिथे शून्य धरल्यामुळे. आज अशी रिकामी जागा पुन्हा तयार होते आहे. पर्माफ्रॉस्टचा सर्वांत मोठा हिस्सा रशियात आहे आणि फेब्रुवारी २०२२ नंतर तिथल्या केंद्रांशी बाहेरच्या शास्त्रज्ञांचा संबंध जवळपास तुटला. उरलेल्या केंद्रांच्या सरासरीला आर्क्टिकची सरासरी समजणे म्हणजे बॅरोच्या उन्हाळ्याला वर्ष समजण्यासारखेच होय. गोव्यात वास्को येथील ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र आर्क्टिकमधील स्वालबार्डमध्ये २००८ पासून ‘हिमाद्री’ हे संशोधन ठाणे चालवते. भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम डिसेंबर २०२३ मध्ये गेली. हिवाळा मोजलाच पाहिजे हा धडा उशिरा का होईना, आपल्यापर्यंतही आला. मात्र आणखी मोजल्याशिवाय काही ठरवता येत नाही असा सोयीस्कर अर्थ यातून काढू नये. जंगल तोडायचे की राखायचे हे माणूस ठरवू शकतो. दशलक्षावधी चौरस किलोमीटर गोठलेल्या जमिनीतले कुजणे कोणत्याही करारातली कलमे थांबवू शकत नाहीत. या कुजण्यावर चालणारा उपाय एकच, हवेचे तापमान वाढू न देणे, आणि तो आर्क्टिकमध्ये नाही, कोळसा आणि तेल जाळणाऱ्या देशांच्या हातात आहे.