क्रथन आणि यंत्राधीन निद्रा

मेदोरोगाच्या लक्षणांत क्षुद्रश्वास व अतिनिद्रा यांच्यासमवेत माधवनिदानकारांनी ‘क्रथन’ सांगितले आहे. अकस्मात होणारा श्वासाचा अवरोध, असा त्याचा अर्थ टीकाकारांनी केला. विद्यार्थिदशेत हा शब्द आपण सर्वांनी पाठ केला. परंतु ‘झोपेत श्वास अडतो का?’ असे रुग्णाला आपल्यापैकी किती जण विचारतात? रुग्णाला ते स्वतःला ठाऊक नसते. विचारावे लागते त्याच्या पत्नीला.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळीचे कामगार व पोलादपूरहून आंबेनळी वा कशेडी घाटात वाहने नेणारे चालक यांच्या बाबतीत हा विषय केवळ घोरण्याचा राहत नाही. घाटातील एक डुलकी पुरेशी असते. डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या मुंबईतील पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी सुमारे साडेसात टक्क्यांमध्ये हा विकार दिवसाच्या झोपाळूपणासह आढळला होता.

यावरील प्रमुख उपाय म्हणजे सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिवान यांनी १९८१ मध्ये वर्णिलेले सीपॅप यंत्र. मुखवट्यातून सतत दाबाने येणारी हवा घसा मिटू देत नाही. पहिल्या काही रात्री गाढ निद्रा व स्वप्नावस्था यांची जणू थकबाकी वसूल होते. रुग्ण ‘कित्येक वर्षांनी झोपलो’ असे सांगतो. पुढेही रात्रीची वारंवार जाग कमी राहते. मात्र यंत्र बंद करताच काही रात्रींतच श्वासरोध परततो. आपल्या परिभाषेत हा व्याधी ‘याप्य’ झाला. टेकू आहे तोवर घर उभे.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह सात देशांतील २,७१७ हृद्रोगी व पक्षाघाताच्या रुग्णांच्या अभ्यासात यंत्राने घोरणे व दिवसाची झोप घटली, परंतु हृदयविकाराचे झटके घटले नाहीत. तेथे यंत्राचा सरासरी वापर रात्री जेमतेम ३.३ तास होता. अर्धी रात्र वापरलेल्या यंत्राकडून पूर्ण फळाची अपेक्षा कशी करावी?

आमच्याकडे वापर तुटण्याचे आणखी एक कारण आहे, वीज. जुलै २०२१ च्या महापुराची आठवण महाडकरांना सांगावयास नको. पावसाळ्यापूर्वीच बॅटरीची सोय करण्याविषयी रुग्णास सुचवावे.

यंत्राने वजन उतरत नाही, उलट किंचित वाढल्याचेही आढळले आहे. मेदाची चिकित्सा त्यामुळे उरतेच, आणि तेथे आपले कार्य आहे. वजन दहा टक्के घटल्यास श्वासरोधांची संख्या साधारण चतुर्थांशाने कमी होते. रात्रजागरण करणाऱ्याने सकाळी न जेवता झोपावे, हा वाग्भटांचा संकेत रात्रपाळीच्या कामगारास तंतोतंत लागू पडतो. मात्र त्या दिवसाच्या झोपेतही यंत्र लावावयाचे असते, हे बहुतेकांना कोणी सांगितलेलेच नसते.

नस्याने नाक मोकळे होऊन मुखवटा सुसह्य होऊ शकेल. परंतु अवरोध घशात आहे, म्हणून नस्य हा यंत्राचा पर्याय नव्हे. ‘काढा चालू आहे, आता यंत्र ठेवून देऊ का?’ असे चालकाने विचारल्यास आमचे उत्तर नकारार्थी असते. वजन उतरल्यावर निद्रापरीक्षण पुन्हा करवून घ्यावे व तो अहवाल पाहूनच यंत्राविषयी त्याच्या श्वसनरोगतज्ज्ञाशी बोलावे.