बाइल्मरमध्ये नियमाचा अर्थ कोण लावतं?

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या बाइल्मरमेरमध्ये 1968 च्या नोव्हेंबरात पहिली बिऱ्हाडं आली, तेव्हा मालकीचा प्रश्नच नव्हता. षटकोनी मांडणीच्या त्या लांबलचक इमारती गृहनिर्माण संस्थांच्या आणि राहणारे भाडेकरू. नियम संस्थेने करायचे, अर्थही तिनेच लावायचा. घर कोणाला द्यायचं हेही तिच्याच हाती. 1974 मध्ये सुरिनामहून आलेल्या कुटुंबांनी ख्लिपहूव्ह इमारतीतली रिकामी घरं ताब्यात घेतली. घरं रिकामी आणि माणसं उघड्यावर, ही व्यवस्था त्यांनी नाकारली. ते मला रास्तच वाटतं.

ऑक्टोबर 1992 मध्ये दोन इमारतींवर मालवाहू विमान कोसळलं, 43 जण गेले. त्याच दशकात पुनर्विकास सुरू झाला आणि एकेक इमारत पडू लागली. क्लाइबर्ख ही 400 मीटर लांबीची, 500 घरांची इमारतही पाडायचं रॉचडेल संस्थेने ठरवलं होतं. शेवटी एका व्यावसायिक गटाने ती एका युरोला घेतली. गटाने लिफ्ट, सज्जे आणि दर्शनी भाग दुरुस्त केला. घरं मात्र स्वयंपाकघर-न्हाणीशिवाय, नुसत्या सांगाड्याच्या रूपात विकली. बाकीचं ज्याचं त्याने करायचं. 2017 मध्ये या कामाला मीस व्हान डर रोह पुरस्कार मिळाला. वास्तुकलेचं कौतुक पुष्कळ झालं. पण भाड्याच्या घरांचे शेकडो मालक होतात, तेव्हा नियमाचा अर्थ लावण्याचा अधिकारही हात बदलतो, हे मला त्याहून मोलाचं वाटतं.

डच कायद्यात सदनिका घेतली की माणूस मालकसंघाचा सभासद आपोआप होतो. समिती कारभार पाहते, निर्णय सर्वसाधारण सभेचा. सभा अंतर्गत नियमावली करू शकते, पण या सगळ्याच्या वर असतो नोटरीपुढे झालेला विभाजनाचा दस्त. त्याच्या विरोधात जाणारा ठराव मुळातच रद्दबातल. आणि दस्ताचा अर्थ? समितीला काय वाटतं किंवा आधीच्या मालकांचं आपसात काय ठरलं होतं, यावर तो ठरत नाही. नोंदणीकृत दस्त आणि नकाशा वाचून बाहेरच्या माणसाला जे कळेल तेच धरायचं, अशी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाची भूमिका आहे. नव्याने येणाऱ्या मालकाला याहून मोठं संरक्षण नाही.

आपल्याकडे उपविधी छापील असूनही कमिटीचा शब्द बराच काळ शेवटचा मानला गेला. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायट्या मन मानेल तेवढं बिनभोगवटा शुल्क घेत. सरकारने 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाने ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर आणलं, आणि 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माँ ब्लाँ सोसायटीच्या खटल्यात ही मर्यादा कायम ठेवली. इथे सरकारला आकडा बांधून द्यावा लागला. डच व्यवस्थेत तेच काम दस्त करतो.

नेदरलँड्समध्ये घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी म्हणूनच सही करण्याआधी विभाजनाचा दस्त आणि मागच्या सभांची इतिवृत्तं मागून घ्यावीत, जाणकाराकडून समजून घ्यावीत. अंतर्गत नियमावली मोडणारा किंवा अवाजवी वाटणारा ठराव न्यायाधीशाकडून रद्द करून घ्यायचा, तर तो कळल्यापासून मुदत एकच महिन्याची असते.